शिशाची मुद्रा आणि शरणागताचा प्राण

रुपयाएवढी, पुष्कळदां त्याहूनहि लहान, अशी एक शिशाची चकती. रंग राखेसारखा, कडा ओबडधोबड, मध्येंच एखादी चीर गेलेली. एका बाजूस दोन व्यक्ति उभ्या आहेत: एक स्त्री आणि एक मुकुटधारी पुरुष. दोघांनीं मिळून एक घुमटाचें मंदिर हातांवर तोलून धरलें आहे. दुसऱ्या बाजूस ग्रीक अक्षरांच्या कांहीं ओळी. चकतीच्या आंतून एक बारीक पोकळ नळी आरपार गेली आहे. तींतून एके काळीं दोरा ओवलेला होता आणि त्या दोऱ्याला एक लेख बांधलेला होता. दोरा कुजून गेला, लेखाचा तर मागमूसहि नाहीं. चकती मात्र आठनऊशें वर्षें टिकून राहिली आणि आज ती एका संग्रहालयाच्या खणांत विसावली आहे. ज्या लेखाला ती बांधलेली होती, त्यावर एखाद्या खुनी माणसाचा प्राण अवलंबून असण्याचा पुष्कळ संभव आहे.

ही वस्तु नाणें नव्हे. ती मुद्रा होय. ज्या राज्याची ही मुद्रा, त्यास इतिहासकार बायझंटाइन साम्राज्य म्हणतात. त्या राज्यांतील लोक मात्र स्वतःला शेवटपर्यंत रोमनच म्हणवीत आले. इ. स. ३३० मध्यें बादशहा कॉन्स्टंटाइन यानें बॉस्फरसच्या तीरावर नवी राजधानी वसविली, आणि १४५३ मध्यें ती उस्मानी तुर्कांच्या हातीं गेली. मधल्या अकराशेंहून अधिक वर्षांत तेथील कचेऱ्यांतून, धर्मपीठांतून, मठांतून आणि खाजगी घरांतून जीं अगणित पत्रें निघालीं, त्यांपैकीं मूळ स्वरूपांत उरलेलीं पत्रें अगदीं थोडीं. आणि तींहि मुख्यतः आथोस पर्वतावरील व पात्मोस बेटावरील मठांनीं जिवापाड जपलीं म्हणून उरलीं. मुद्रा मात्र हजारोंनीं उरल्या. जगांतील सर्व संग्रह मिळून त्यांची संख्या ८०,००० च्या घरांत असावी, असा जाणकारांचा अंदाज आहे. एखाद्या दप्तराला आग लागून सारे कागद जळून जावेत आणि राखेंतून केवळ शिक्के हातीं लागावेत, तशांतला हा प्रकार.

ग्रीक भाषेंत या मुद्रेला 'मोलिब्दोबूलोन' म्हणत. 'मोलिब्दोस' म्हणजे शिसें. 'बूला' हा शब्द लॅटिनमधून आलेला, त्याचा मूळ अर्थ बुडबुडा. रोमच्या पोपच्या आज्ञापत्रास 'बुल' म्हणतात तें याच शब्दावरून, कारण त्या पत्रालाहि शिशाचीच मुद्रा लटकत असे. मुद्रा करण्याची रीत साधी पण मोठी युक्तीची होती. आधीं शिसें साच्यांत ओतून, नळी ठेवलेल्या कोऱ्या चकत्या तयार करून ठेवीत. पत्राची घडी घालून तींतून दोरा घेत व त्याचीं टोकें चकतीच्या नळींतून ओवीत. मग लोखंडाची एक जड सांडशी पुढें येई. तिचें नांव 'बूलोतीरिओन'. लोहाराच्या सांडशीसारखीच ती, पण तिच्या दोन्ही जबड्यांच्या आंतल्या अंगास उलटे ठसे कोरलेले असत. चकती जबड्यांत धरावी आणि वरच्या जबड्याच्या पाठीवर हातोड्याचा घाव घालावा, कीं एका घावासरशी दोन्ही बाजूंचीं अक्षरें उठत आणि नळी दबून दोरा आंत पक्का धरला जाई. आतां पत्र उघडावयाचें तर दोरा तोडला पाहिजे, नाहीं तर शिसें फोडलें पाहिजे. चोरून उघडून पुन्हां होतें तसें करून ठेवणें सोपें नव्हतें. मेणाची मुद्रा उन्हाळ्यांत मऊ पडते आणि थंडींत तडकते. शिशाला दोन्ही ऋतु सारखेच.

घाव मात्र नेहमीं नीट बसे असें नाहीं. घाईनें मारलेला घाव तिरपा पडे, अर्धी ओळ चकतीबाहेर जाई, एखाद्या संताचें मस्तक नाहींसें होई. शिवाय नळीच्या जागीं शिसें पातळ असल्यामुळें मुद्रा बहुधा तेथेंच दुभंगते, आणि दुर्दैवानें नेमकें मालकाचें नांव त्या चिरेंत सांपडतें. वाचणाऱ्यानें अक्षरांच्या वळणावरून काळ ठरवावा, उरलेल्या दोनचार अक्षरांवरून अधिकारपद ओळखावें, आणि त्याच सांडशीखालून निघालेली दुसरी मुद्रा कोठें मिळते का याची वर्षानुवर्षें वाट पाहावी, असा हा सोशिकपणाचा उद्योग आहे.

सोन्याची मुद्रा वापरण्याचा मान बादशहाचा. दहाव्या शतकांत दरबारी विधींविषयीं एक ग्रंथ तयार झाला. त्यांत कोणत्या परराजाच्या पत्राला किती सोन्याची मुद्रा लावावयाची, याचा हिशेब दिलेला आहे. पोपला आधीं एका सुवर्णनाण्याइतकी, मागाहून दोन नाण्यांइतकी. बगदादच्या खलिफाला चारांची. स्वधर्मीयांच्या मुख्य गुरूपेक्षां परधर्मीय सत्ताधीशाला दुपटीचा मान मिळाला, यांत दरबारी शहाणपण किती होतें हें सांगणें नको. धर्माधिकाऱ्यांचीं पत्रें मात्र शिशानेंच मुद्रित होत, मग तो खेड्यांतील मठाचा अधिपति असो वा राजधानींतील पेट्रिआर्क, म्हणजे सर्वश्रेष्ठ धर्मगुरु, असो. आपल्याकडे 'शिक्कामोर्तब' हा शब्द रूढ आहे. पत्राच्या आरंभीं शिक्का आणि अखेरीस मोर्तब उमटल्यावांचून मराठेशाहींत राजपत्र पुरें होत नसे. बायझंटाइन पत्राला शिक्का व मोर्तब दोन्ही एकाच शिशाच्या चकतीनें पुरवीं लागत, एवढाच फरक.

या मुद्रांचें शास्त्र घडविण्याचा पहिला मोठा मान गुस्ताव श्लुंबर्जे या फ्रेंच इतिहासकाराचा. त्याचा भला थोरला ग्रंथ १८८४ सालीं पॅरिसमध्यें प्रसिद्ध झाला. पुढें वितालिआं लोरां या फ्रेंच धर्मगुरूनें केवळ धर्मसंस्थेच्या मुद्रांसाठीं एक स्वतंत्र खंड रचिला. तो १९६३ ते १९७२ या काळांत तीन भागांनीं बाहेर पडला. सर्वांत मोठा संग्रह अमेरिकेंत, वॉशिंग्टन येथील डंबार्टन ओक्स या संस्थेंत आहे: सुमारें १७,००० मुद्रा. गंमत अशी कीं हजार वर्षें मातीला दाद न देणारें हें शिसें ओकच्या लांकडापुढें हार खातें. ओकच्या कपाटांतून सुटणाऱ्या आम्ल वाफेनें त्यावर पांढरी भुकटी धरते व अक्षरें झडून जातात. म्हणून त्यांना ठेवावयाचीं कपाटेंहि पारखून घ्यावीं लागतात.

मुद्रा जेथें सांपडते तेथें ती करणारा राहत होता असें नव्हे. तेथें ती पोंचली होती. लिहिणारा राजधानींत आणि मुद्रा बल्गेरियांतील प्रेस्लाव्ह येथें, किंवा काळ्या समुद्रापलीकडील खेर्सोन बंदरांत, असें पुष्कळदां घडतें. म्हणजे एकेक चकती हा एका टपालमार्गाचा शेवटचा मुक्काम आहे.

धर्माधिकाऱ्यांच्या मुद्रांवर आपापल्या क्षेत्राचा संत असण्याची चाल होती. थेस्सालोनिकीच्या महाधर्माध्यक्षाच्या मुद्रेवर बहुधा संत डेमेट्रिओस, पात्रासच्या मुद्रेवर संत अँड्र्यू, मीराच्या मुद्रेवर संत निकोलस, क्रीटच्या मुद्रेवर संत टायटस. अथेन्सच्या धर्माध्यक्षाच्या मुद्रेवर देवमाता मेरी दिसते, आणि तें योग्यच होतें. कारण त्या काळीं अथीना देवीचें पार्थेनॉन हेंच देवमातेचें मंदिर झालेलें होतें व धर्माध्यक्षाचें पीठ तेथेंच होतें. देवता बदलली, मंदिर तेंच राहिलें. अनाथालयाचा प्रमुख, धर्मशाळेचा व्यवस्थापक, वृद्धाश्रमाचा अधिकारी, मठाधिपति, मठाधिपतीण, या सर्वांच्या मुद्रा मिळतात. एवढ्या लोकांना स्वतःची मुद्रा लागे यावरूनच तेथें लिखापढी किती होती हें समजतें.

मोठे वादहि या लहानशा चकत्यांवर उमटलेले आहेत. आठव्या शतकांत मूर्तिभंजनाचा वाद पेटला. देवाचें, देवमातेचें वा संतांचें चित्र काढून त्यास वंदन करणें पाप आहे, असें बादशहा तिसरा लिओ याच्या पक्षाचें म्हणणें होतें. पेट्रिआर्क जर्मानोस यास ७३० मध्यें या कारणावरून पद सोडावें लागलें. ७८७ मध्यें निकेआच्या धर्मसभेनें चित्रें परत आणलीं, ८१५ मध्यें पुन्हां बंदी आली, आणि ८४३ मध्यें वाद कायमचा मिटला. या काळांतील मुद्रा पाहाव्या तर मूर्तींच्या जागीं क्रुसाच्या आकारांत गुंफलेलीं अक्षरें येतात. तीं सोडविलीं म्हणजे 'देवमाते, साहाय्य कर' अशी प्रार्थना निघते, आणि क्रुसाच्या चार कोनांत 'तुझ्या दासाला' एवढे शब्द असतात. चित्र गेलें, पण धांवा तोच राहिला. ८४३ नंतर पेट्रिआर्क मेथोडिओस याच्या मुद्रेवर देवमातेचें चित्र पुन्हां प्रकट झालें.

दुसरा वाद पदवीचा. 'विश्वपेट्रिआर्क' या पदवीला रोमचा पोप ग्रेगरी यानें सहाव्या शतकाच्या अखेरीसच हरकत घेतली होती. ती पदवी पेट्रिआर्कच्या मुद्रेवर दिसूं लागते ती मिखाएल केरूलारिओस याच्या कारकीर्दींत, म्हणजे १०४३ नंतर. १०५४ मध्यें पोपच्या वकिलांशीं जो कलह होऊन पूर्व व पश्चिम धर्मपीठांनीं परस्परांना बहिष्कृत केलें, त्याचा नायक हाच केरूलारिओस. शिशावर दोन शब्द वाढले, त्यामागें एवढें राजकारण होतें.

परंतु आरंभीं वर्णिलेल्या मुद्रेवर कोणा पेट्रिआर्कचें नांव नाहीं. किंबहुना तिच्यावर कोणाही व्यक्तीचें नांव नाहीं, आणि हीच तिची विशेष गोष्ट आहे. एका बाजूस चित्राभोंवतीं शब्द आहेत: 'परमपवित्र देवमाते, साहाय्य कर'. दुसऱ्या बाजूस वाक्य पुरें होतें: 'अत्यंत ईश्वरभक्त पुरोहित व एक्लेसेक्डिकोइ यांना'. चित्रांतील स्त्री ही देवमाता. पुरुष हा बादशहा जस्टिनियन, आणि दोघांच्या हातांतील घुमटाचें मंदिर म्हणजे हागिया सोफिया, पवित्र प्रज्ञेचें महामंदिर. जस्टिनियननें तें ५३२ ते ५३७ या पांच वर्षांत उभारलें. या जातीच्या मुद्रा बहुतेक अकराव्या-बाराव्या शतकांतील आहेत. म्हणजे त्या निघत होत्या तेव्हां जस्टिनियनला जाऊन पांचशें वर्षें लोटलीं होतीं.

हे एक्लेसेक्डिकोइ, किंवा थोडक्यांत एक्डिकोइ, कोण? महामंदिराचा कारभार एका मोठ्या संस्थानासारखा होता. जस्टिनियननेंच ५३५ मध्यें सेवकांची संख्या आटोक्यांत आणण्यासाठीं कायदा केला. त्या आटोक्यांतील संख्या अशी: ६० पुरोहित, १०० डीकन, ४० स्त्री-डीकन, ९० उपडीकन, ११० वाचक, २५ गायक, आणि शिवाय १०० द्वारपाल. या सर्वांवर पांच मोठे अधिकारी. इकोनोमोस मिळकती पाही. साकेलारिओस मठांवर देखरेख ठेवी. स्केव्होफीलाक्स पूजेचीं उपकरणें व भांडार सांभाळी. खार्टोफीलाक्स दप्तर राखी व पेट्रिआर्कच्या वतीनें बोले. पांचवा अधिकारी शहरांतील देवळांची व्यवस्था पाही. एक्डिकोइ हे यांच्या खालोखालचे. 'एक्डिकोस' म्हणजे कैवारी. दुबळ्याचा, गुलामाचा, ज्याला कोणी वाली नाहीं त्याचा कैवार घेणें हें त्यांचें मूळचें काम. ५३८ च्या एका कायद्यानें विवाहाची नोंद करून देण्याचें कामहि मंदिराच्या एक्डिकोसकडे सोंपविलें. पुढें या कैवाऱ्यांचें एक मंडळच बनलें, त्याचा प्रमुख 'प्रोटेक्डिकोस' झाला, आणि तें मंडळ महामंदिरांत न्यायासन मांडून बसूं लागलें. जे जीव मुठींत धरून मंदिराच्या आश्रयास येत, त्यांचें काय करावयाचें, हें या न्यायासनापुढें ठरे.

देवळाचा आश्रय ही जुनी रूढि होती व तिच्यांत सत्ताधीशांना नेहमींच अडचण वाटे. बादशहा आर्काडिओसचा सर्वाधिकारी युट्रोपिअस यानें ३९८ मध्यें या आश्रयाच्या हक्काला कात्री लावणारा कायदा करविला. दुसऱ्याच वर्षीं त्याचें ग्रह फिरले, बादशहाची मर्जी खपा झाली, आणि तोच युट्रोपिअस धांवत जाऊन महामंदिराच्या वेदीला बिलगला. जॉन क्रिसोस्टोम हा तेव्हां धर्माध्यक्ष होता. त्यानें शिपायांना आंत येऊं दिलें नाहीं. पण वेदीखालीं थरथरणाऱ्या त्या माणसाकडे बोट दाखवून वैभवाच्या क्षणभंगुरतेवर जें प्रवचन केलें, तें प्रसिद्धच आहे. ४३१ मध्यें दुसऱ्या थिओडोसिअसनें आश्रयाची मर्यादा वेदीपासून मंदिराच्या साऱ्या आवारापर्यंत वाढविली.

आतां जस्टिनियनची गोष्ट. ५३५ मध्यें प्रांताधिकाऱ्यांना त्यानें ज्या आज्ञा पाठविल्या, त्यांत स्पष्ट म्हटलें आहे कीं खुनी, व्यभिचारी आणि कुमारिकांना पळवून नेणारे यांना देवळाचा आश्रय मिळतां कामा नये. त्यांना तेथूनहि ओढून काढून शिक्षा करावी. मंदिरांचें अभय अपराध करणाऱ्यांसाठीं नसून अपराध ज्यांच्यावर झाला त्यांच्यासाठीं आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. म्हणजे खुन्याला आश्रय देणाऱ्या न्यायासनाच्या मुद्रेवर जो बादशहा मंदिर हातीं घेऊन उभा आहे, त्याचा स्वतःचा कायदा त्या आश्रयाच्या सर्वस्वी विरुद्ध होता! एक्डिकोइ कायद्याचे जाणकार होते. जस्टिनियनच्या कायद्यांचे ग्रंथ त्यांच्या हाताखालचे. त्यांना हें ठाऊक नव्हतें असें मानणें कठीण. तथापि लोकांच्या मनांत कायदे करणारा जस्टिनियन मागें पडला होता आणि मंदिर बांधणारा जस्टिनियन उरला होता. मुद्रेनें या दुसऱ्याची निवड केली.

कायदा बदलला तो हळूहळू. दहाव्या शतकांत बादशहा सातवा कॉन्स्टंटाइन यानें खुन्याच्या आश्रयाला राजमान्यता दिली, पण अटी घालून. जो आपण होऊन महामंदिरांत येईल व अपराध कबूल करील, त्याचा देहदंड टळे. पण त्यास गुन्ह्याच्या जागेपासून दूर राहावें लागे, बुद्धिपुरस्सर केलेल्या खुनाबद्दल मुंडन करून मठांत जावें लागे, आणि त्याच्या मालमत्तेचा एक भाग मृताच्या वारसांना मिळे. राजदंड टळला तरी धर्मदंड होताच, आणि तो कांहीं हलका नव्हता. संत बेसिलच्या नियमांप्रमाणें बुद्ध्या केलेल्या खुनाला वीस वर्षांचें प्रायश्चित्त असे: चार वर्षें देवळाच्या दाराबाहेर रडत उभें राहावें, पांच वर्षें केवळ प्रवचन ऐकण्यापुरतें आंत यावें, सात वर्षें गुडघे टेकून राहावें, चार वर्षें भाविकांबरोबर उभें राहावें पण प्रसाद घेऊं नये. नकळत घडलेल्या हत्येला याच पायऱ्यांनीं दहा वर्षें.

एक्डिकोइ यांच्यापुढें हाच विधि चाले. शरण आलेला मनुष्य आपलें कृत्य सांगे; तें बुद्ध्या घडलें कीं रागाच्या भरांत, कीं निव्वळ अपघातानें, याची विचारपूस होई. त्याला मंदिराच्या दाराशीं उभें करीत आणि येणाराजाणारापाशीं तो क्षमेची याचना करी. शेवटीं न्यायासन त्याला एक लेख देई. त्यांत त्याची कबुली व त्याला सांगितलेलें प्रायश्चित्त नमूद असे. हा लेख घेऊन तो जगांत परत जाई. वाटेंत एखाद्या अंमलदारानें हटकलें, मृताच्या नातलगांनीं गांठलें, तर दाखवावयास त्याच्यापाशीं एवढेंच होतें. शाईनें लिहिलेलें कोणीहि लिहील; देवमाता व जस्टिनियन यांची शिशाची मुद्रा हीच त्या लेखाची खरी ताकद. मुद्रेवर कोणा न्यायाधीशाचें नांव कां नाहीं याचा उलगडाहि येथें होतो. हा निर्णय अमक्या पुरोहिताचा नव्हता. तो मंडळाचा होता, आणि पुरोहित मेला वा बदलला तरी तो पाळला जाणें अवश्य होतें. अशा लेखांनाच या मुद्रा बांधल्या जात असाव्यात, असा संशोधकांचा तर्क आहे.

या सर्व व्यवस्थेला दुसरी बाजू होती, आणि ती बादशहा मान्युएल कोम्नेनोस याच्या ११६६ च्या कायद्यांत वाचावयास मिळते. त्याची तक्रार अशी: प्रांतोप्रांतींचे खुनी राजधानीकडे धांव घेतात, महामंदिरांत शिरतात, खोटेंनाटें सांगून अपराध सौम्य करून दाखवितात, हलकेंसें प्रायश्चित्त लिहिलेला लेख पदरांत पाडून घेतात आणि तडक आपल्या गांवीं परततात. ज्याचा बाप किंवा भाऊ मारला गेला, त्याच्याच दारावरून तो खुनी मोकळा हिंडतो, आणि त्यांतून नव्या खुनाचें बीज पडतें. खरा पश्चात्ताप व पश्चात्तापाचा कागद यांतील भेद मान्युएलनें नेमका ओळखला होता. आश्रयाचा हक्क त्यानें मोडला नाहीं. पण बुद्ध्या खून करणाराला परत गुन्ह्याच्या जागीं जाऊं देऊं नये, त्यास बंदिवासांत किंवा हद्दपारींत ठेवावें, अथवा खरोखर विरक्त झाला असेल तर मठाची वाट धरूं द्यावी, अशी आज्ञा केली. बादशहाच्या या रागांत मृताच्या घरच्यांची बाजू प्रथमच मोठ्यानें बोलते. मुद्रा जेवढी विश्वसनीय, तेवढाच तिचा गैरवापर लाभाचा, ही अडचण तीं मंडळी रोज भोगीत होतीं.

तरी न्यायासनाचें वजन घटलें नाहीं. बाराव्या शतकांतील थोर धर्मशास्त्री थिओडोर बाल्सामोन, जो स्वतः महामंदिराचा खार्टोफीलाक्स होता, त्यानें खार्टोफीलाक्स व प्रोटेक्डिकोस या दोन पदांच्या अधिकारांवर निबंध लिहिला; आणि पेट्रिआर्क जॉर्ज क्सिफिलिनोस (११९१ ते ११९८) यानें प्रोटेक्डिकोसला वर चढवून त्या पांच श्रेष्ठ अधिकाऱ्यांच्या पंक्तींत सहावें आसन दिलें.

आश्रय केवळ खुन्यांसाठीं नव्हता, राजकारणांत हरलेल्यांसाठींहि होता. १०८१ मध्यें अलेक्सिओस कोम्नेनोस यानें बादशहाविरुद्ध बंड उभारलें, तेव्हां त्याची आई आन्ना दालास्सीनी घरांतल्या स्त्रियांना घेऊन रातोरात महामंदिराकडे निघाली. जवळच संत निकोलसचें एक देऊळ होतें; गुन्ह्याचा आळ आलेल्यांना तेथें अभय मिळे, म्हणून लोक त्याला 'शरणस्थान'च म्हणत. पुढें बादशहाचीं माणसें तिला न्यावयास आलीं, तेव्हां बादशहानें अभयाची खूण म्हणून स्वतःचा क्रूस पाठवावा असा तिनें हट्ट धरला. आणि तोहि गळ्यांतला लहानसा नको, पाहणाराला सहज दिसेल असा मोठा हवा, म्हणजे शपथेला साक्षीदार राहतील, असें बजावलें. ही हकीकत तिच्याच नातीनें, आन्ना कोम्नीनीनें, आपल्या 'आलेक्सिआद' या ग्रंथांत लिहून ठेविली आहे. वचनाला डोळ्यांना दिसणारी खूण पाहिजे, हें त्या बाईला पक्कें कळलें होतें. मुलगा गादीवर आल्यावर तिनें राज्यकारभार चालविला तेव्हांच्या तिच्या शिशाच्या मुद्रा आज मिळतात. त्यांवर 'आन्ना, संन्यासिनी, बादशहाची माता' असे शब्द आहेत.

एप्रिल १२०४ मध्यें चौथ्या धर्मयुद्धाच्या सैन्यानें कॉन्स्टँटिनोपल लुटलें. हागिया सोफियाहि त्यांतून सुटली नाहीं. तेराव्या शतकापासून शिशाच्या मुद्रांची संख्या झपाट्यानें उतरत जाते. पेट्रिआर्कच्या कचेरीची जी नोंदवही आज उपलब्ध आहे, ती १३१५ पासूनची. ज्या काळांत देवमाता व जस्टिनियन यांच्या मुद्रा निघत होत्या, त्या काळचें दप्तर गेलें. हागिया सोफियाच्या नैर्ऋत्येकडील देवडींत, दारावरच्या कमानींत, जस्टिनियन देवमातेला मंदिर अर्पण करीत असल्याचें दहाव्या शतकांतील रंगीत खड्यांचें चित्र मात्र अजून आहे. शतकानुशतकें चुन्याखालीं दडलेलें तें चित्र १९३१ नंतर टॉमस व्हिटमोर याच्या मंडळींनीं साफ करून उजेडांत आणलें. तेथें शेजारीं आपलें नगर घेऊन कॉन्स्टंटाइनहि उभा आहे. मुद्रा करणाऱ्यानें नगर सोडून दिलें आणि मंदिर तेवढें घेतलें. शरण येणाराला नगराशीं कांहीं कर्तव्य नव्हतें.

मुद्रेवरील प्रार्थनेंत साहाय्य मागितलें आहे तें पुरोहितांसाठीं आणि एक्डिकोइ यांच्यासाठीं, म्हणजे न्याय करणारांसाठीं. ज्याचा न्याय झाला त्याचें नांव तींत नाहीं. तें कागदावर होतें.